नावं गळालेल्या फायली

बटण दाबलं की तीनदा बीप, मग काळा पडदा.
वडशाच्या बाजारलाईनीत माझं फ्लेक्सचं दुकान
सकाळपासून मुकं.

लांजेवार बाकावरून उठत नाही.
"मायचा फोटू त्याच्यातच हाय ना?
तेरवीचा बॅनर उद्या पायजे."

डबा उघडला. पंख्यात धानाचा कोंडा,
मेलेल्या मुंगळ्यांची ओळ.
हार्डडिस्क काढून लॅपटॉपला जोडली,
कान लावला: फिरते आहे.
दुपारी लाईट गेली. पुन्हा पहिल्यापासून.

रात्री फायली यायला लागल्या,
नावं गळालेल्या, नुसते आकडे.
मंडईच्या नाटकातली नटी, कुणाची हरवलेली म्हैस,
नवरदेव, सरपंच,
आणि चेहरे. कोण शुभेच्छांत होतं,
कोण श्रद्धांजलीत, कळायला मार्ग नाही;
मी दोघांच्याही मागे तेच निळे ढग लावतो.

चार हजार एकशे बाराव्याला तो म्हणाला, "थांब."

अर्धी बाई.
गळ्याखाली नुसती करडी पट्टी.

म्हटलं, खाली दुसऱ्या कुणाचं लुगडं जोडून देतो,
समजत नाही कोणाला.

बराच वेळ तो स्क्रीनपाशी वाकलेला.
"नोको," म्हणाला. "पदर तिनं
नीट घेतलाच कवा.
एवढीच छाप."