सहावा रकाना

नोंदवहीत रकाने सात.
तारीख. नाव-पत्ता. ओळखपत्राचा नंबर.
माल काय. वजन किती.
पहिल्या पाचांत कुणी अडत नाही.
सहाव्यापाशी माणसं मान खाजवतात,
रस्त्याकडं बघतात, प्यायला पाणी मागतात:
माल कुठून आला?
सातव्यात सही, नाहीतर अंगठा.

अंबड लिंक रोडला, वजनकाट्यामागं,
पत्र्याच्या सावलीत माझं टेबल.
वीस वर्षं सातपूरला स्टोअर सांभाळलं.
कंपनीला टाळं लागलं तेव्हा मुनाफशेठ म्हणाले,
'खैरनार, तुमचं अक्षर चांगलंय.
माझं लिहिलेलं मलाच वाचता येत नाही,
पोलिसाला काय वाचू देऊ?'

म्हणून मी लिहितो.
जाळून सोललेल्या वायरीचं तांबं घेत नाही.
गटाराचं झाकण, रुळाची पट्टी, विजेच्या खांबाचा अँगल,
आणि घाटावरची घंटा तर नाहीच,
कुणी फुकट दिली तरी.
मिसरूड न फुटलेल्या पोराकडून खिळासुद्धा नाही.
पोरं चिडतात. एक म्हणालं,
'काका, तुमी भंगारवाले का तहसीलदार?'

हवालदार बोडके येतात, कटिंग घेतात,
वही मागच्या पानापासून वाचतात,
कारण चोरी नेहमी ताजी असते.

वैशाखात ट्रकमधून एक लेथ आला.
बुडाशी पिवळ्या रंगात अठ्ठेचाळीस.
तो आकडा माझ्याच हातचा.
कागद चोख होते: लिलावाचं पत्र, बिल,
जीएसटीचा नंबर, गेटपास.
सहाव्या रकान्यात मी कंपनीचं नाव लिहिलं,
नेहमीपेक्षा वळणदार,
आणि उठून तोंड धुऊन आलो.
कायद्याला बोट ठेवायला त्यात जागा नव्हती.

मग त्या बाई.
रिक्षातून उतरल्या, घागर कडेवर,
पाणी भरलेलं असावं तशा सांभाळत.
आधार कार्डावर: शैलजा माधवराव शिरसाठ.
घागरीच्या गळ्याखाली, ठिपक्या-ठिपक्यांनी:
चि. ठकूस मामाकडून. चांदोरी. १९७१.

'ही ठकू कोण?'
विचारावंच लागतं.
'मीच.'
'पण कार्डावर तर...'
'ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं नवं नाव काढलं,
पेढे वाटले. त्याची पावती देतं का कुणी?'

मागं शिगवाल्यांची ठोकाठोक चालू होती.
चार किलो तीनशे, शेठ काट्यावरून ओरडले.
मी अक्षरांवरून बोट फिरवलं.
तांबटानं ठोके मारून लिहिलेलं, खरवडून नव्हे.
तांबं आत दबलं होतं, गेलं कुठंच नव्हतं.
नावापायी गुंजभरही वजन घटलं नव्हतं.

दुसऱ्या रकान्यात शैलजा लिहिलं, कार्डाबरहुकूम.
सहाव्यात लिहिलं: ठकू, चांदोरी, हिच्याकडून.
शेठनी चष्मा वर केला.
'बोडके विचारेल.'
'विचारू दे.'

बाईंनी नोटा दोनदा मोजल्या.
पेन घेतलं, सातव्या रकान्यावर धरलं,
आणि थांबल्या.
'कुठल्या नावानं करू?'

मी म्हणालो, कार्डाच्या.
दुसरं काय म्हणणार. नियम तोच.
त्यांनी केली. सरावाची सही, एका दमात.

तांब्या-पितळेचा माल आम्ही दहा दिवस ठोकत नाही,
कुणी मालक म्हणून आलाच तर असावा.
शेठचा रिवाज, अंगाशी येऊन शिकलेला.
घागर फळीवर आहे,
पोटावर खडूनं दोनशे बारा.
आज नववा दिवस.
गेटाशी रिक्षा थांबली
की मी मान वर करतो,
मग उगाच काट्याचा शून्य जुळवत बसतो.