माहितीदाता क्रमांक पाच

विश्रामबागेत माझं दुकान. झेरॉक्स, लॅमिनेशन, स्पायरल.
बावीस वर्षांत किती प्रबंध बांधले, मोजले नाहीत.
वाचला एकही नाही.
पानांचे नंबर बघायचे, उलटं पान सुलटं करायचं,
भोकं पाडायची, तार ओवायची.

ती आली श्रावण संपता संपता.
छत्री दुकानात विसरली, म्हणून परत आली.
फिनलंडची. नाव आइनो.
आमचा वसीम म्हणाला, "आईंनो? एकटीच तर आहे."
ती हसली, आणि वहीत लिहून घेतलं.
सगळंच लिहून घ्यायची.
मी 'च्यायला' म्हटलं तरी तारीख घालून.

वर्षभर इथं राहायचं आणि एक निबंध द्यायचा.
चार हजार शब्द. विषय आपला आपण शोधायचा,
तिकडच्या सरांनी बोट धरायचं नाही.
शोधता शोधता दिवाळी उजाडली.
मग पेपरात मथळा आला: शहरात क्लासेसचे पेव.
"पेव म्हणजे?"
मी म्हटलं, फुटतं ते. खूप झालं की फुटतं.
"पण फुटायच्या आधी काय असतं?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं.
आणि मी हरिपूरचा. पेवांच्या डोक्यावर खेळून वाढलेला.

रविवारी तिला स्कूटरवर बसवून नेलं
चिंचांच्या रस्त्यानं, भूपालमामाकडं.
मामानं टाचेनं माती उकरली.
"हितं होतं. आन् तितं. तुझ्या पायाखाली बी."
माणूस मावेल एवढं तोंड, खाली खोलीएवढं पोट,
आत हळद ओतायची, तोंड चिखलानं लिंपायचं,
वर म्हशी बांधायच्या.
भाव येईतोवर गप.
"उघडलं की लगी उतरायचं न्हाई.
आदी कंदील सोडायचा दोरीनं.
इझला, तर थांबायचं."
"आतल्या त्या हवेला काय म्हणतात?"
मामा बराच वेळ नदीकडं बघत राहिला.
"काय म्हणत न्हाईत.
वर आल्यावर कोण बोलतंय त्याबद्दल."
तिनं पेन टेकवलं, उचललं.
त्या पानावर नुसती तारीख आहे. नंतर मी पाहिली.

मग पुराचा विषय निघाला. पेवांत पाणी शिरलं
तेव्हा आवाज आला का? फुटल्याचा?
"न्हाई गं पोरी. खचली.
एकेक करून बसत गेली खाली.
फुटलं-बिटलं पेपरवाल्यांचं."

मे महिन्यात पेनड्राइव्ह घेऊन आली. तीन प्रती.
म्हणाली, एकशे बारा शब्द जास्त होत होते,
म्हशी काढाव्या लागल्या, सॉरी.
छापून झालं आणि लाइट गेली.
वसीमला चहाला पिटाळलं, दारात उजेडाला बसलो,
आणि वाचलं.

मराठी तिची इस्त्री केलेली. एखादी बाही चुरगळलेली.
तळटीपेत मामा: माहितीदाता क्रमांक तीन,
पुरुष, चौऱ्याहत्तर, पूर्वी पेवांत उतरत.
त्याच्याखाली:
क्रमांक पाच, पुरुष, सेहेचाळीस, बाइंडिंग व्यवसाय.
गिऱ्हाइकाशी 'नाही' म्हणतात, मामांशी 'न्हाई'.
चिंचांच्या रस्त्यावर कितव्या झाडाशी हा बदल होतो
ते रेकॉर्डिंग दोनदा ऐकूनही ठरवता आलं नाही.

मी दुकानात एकटाच होतो. मोठ्यानं म्हणून पाहिलं.
नाही. न्हाई.
समोरच्या मेडिकलवाल्यानं मान वर केली.

डावीकडं समास कमी सोडला होता तिनं.
पान एकोणीस मशीनमध्ये घातलं तर
भोक बरोबर त्या 'न्हा'वर येत होतं.
असं कितीदा झालं असेल आजवर,
कुणाकुणाचं काय काय त्या खालच्या ट्रेमध्ये पडलं असेल.
कागद दोन मिलिमीटर सरकवला.

पैसे तीन प्रतींचे घेतले.
चौथी मामाकडं आहे. चष्मा लागत नाही म्हणतो,
म्हणजे वाचत नाही.
तांदळाच्या डब्याचं झाकण हरवलंय त्याच्या,
त्यावर ठेवलीय.