बुटाची नाडी

पावणेदोनला ठाण्यातून निघालो. चौघं जण,
तीन काठ्या, एक बॅटरी,
आणि शिवडीची खाडी जवळ आली की
खोकून गप्प होणारा वॉकीटॉकी.
डायरीत 'गस्तप्रमुख' पुढं आज पहिल्यांदा
माझं नाव: मुजावर.
ठाणे अंमलदारानं चष्म्यावरून विचारलं,
"पुढं चालणार, की मागं?"

वायंगणकर हवालदार पुढं चालायचे.
सुटलेलं पोट, डावा गुडघा कुरकुरणारा,
निवृत्तीला अकरा महिने.
म्हणायचे, "जो फुडे चलता,
तेका फाटला आयकाक येवक व्हया."
मेडिकलच्या शटरशेजारी खिळ्याला टांगलेल्या वहीत
सही करायचे, घड्याळ बघून, खरी वेळ.
दोन चाळीस म्हणजे दोन चाळीस.

सहा वर्षांपूर्वी, कॉटन ग्रीनच्या गोदामांमधला बोळ.
पत्र्यावर काहीतरी घासलं.
त्यांची मूठ वर गेली, आम्ही थिजलो.
निघाला एक रखवालदार,
गळक्या पाइपाखालून खाट ओढणारा.
सगळे हसले, चालू लागले.
मागं आठ बुटांचे सहाच वाजले.

दोन माझे होते.
भिंतीला टेकलेले, माझं न ऐकणारे.

त्यांनी वळून पाहिलं नाही.
बॅटरी मारली नाही, नाव घेतलं नाही.
तिथंच वाकले, दुखऱ्या गुडघ्यावर,
आणि नाडी बांधत बसले.
एवढा वेळ कुणाला लागतो नाडीला?
मी पोचले तेव्हा उठले. "मेली, सारखी सुटता."
वहीत लिहिलं: सर्व हजर. विशेष काही नाही.

आज तोच बोळ.
चिखलात रोहित पक्षी झोपेत बडबडतात.
आज पत्रा खरोखर हलला,
तांब्याच्या केबलीचं वेटोळं खाली पडलं
आणि एक माणूस खाडीकडं धावला.
घाडीगावकर निघालाच होता. मी मूठ वर केली.
ओहोटी आहे. तो गाळ कमरेपर्यंत घेतो,
मग परत देत नाही.
उद्या साहेब विचारतील, का सोडलास?
विचारू देत. केबल इथंच आहे,
माणसं मोजून परत न्यायची आहेत.

वेटोळं खांद्यावर घेऊन वळलो.
माझ्या मागं सहा बूट वाजायला हवेत.
चार वाजतात.

तडवी. यावलचा, प्रशिक्षण संपून तीन महिने.
अंधारात त्याचा श्वास तेवढा ऐकू येतो,
उथळ, भरभर.

मी वाकते.
नव्या बुटांना साखळी आहे, नाडी नाही.
तरी बोटं घोट्यापाशी चाळवत राहते,
घाडीगावकर वरून बघतो,
काही विचारत नाही,
हळूच स्वतःची टोपी नीट करू लागतो.