हवा ओढतोय

उणे एकतीस.
डॉफिनच्या उत्तरेला, गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये
लोडर उभा आहे, माझ्याहून सहा वर्षांनी थोरला,
दोन्ही हात वर करून,
हातांखाली लाल लोखंडी अडसर.
अडसर लावल्याशिवाय खाली वाकायचं नाही,
हे सासऱ्यानं लग्नानंतर मला सगळ्यात आधी शिकवलं.
चुलीचं, चर्चचं नंतर.

काल शेण ओढता ओढता पंप रडायला लागला,
बारीक, दाताखाली खडा आल्यासारखा.
बकेट उचलली जाते, पण थरथरत,
मध्येच दम खाते.
दुकानदार फोनवर म्हणाला, पंपच गेला असणार.
तीन हजार डॉलर, वर आणायचं भाडं.
लेव्हको अल्बर्टात, तेलाच्या विहिरींवर,
म्हणाला, मार्लीस, विकून टाक ते धूड.
महिन्यानं येईल तो.
गाईंना कोण सांगणार, महिनाभर थांबा म्हणून?

आधी सोपं ते पाहिलं.
टाकीतलं तेल: पातळी ठीक,
रंग ताकासारखा, वर फेस.
लोणच्याच्या बरणीत अर्धा कप घेतलं
आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं.
पाणी असतं तर गढूळच राहिलं असतं.
सकाळी बरणीत मध.
म्हणजे हवा.
पण शिरते कुठून?

होजवरून पुठ्ठा फिरवला, बोट नाही.
ओस्तापचं डावं मधलं बोट याच कारणानं नाही:
सुईएवढं भोक, कातडीत घुसलेलं तेल,
दुखलं नाही म्हणून तो आधी जेवला,
आणि संध्याकाळपर्यंत हात काळा.
पुठ्ठा कोरडा निघाला.
ही गळती बाहेर येणारी नव्हतीच.

मग तोच आला. ब्याऐंशीचा, कान गेलेले,
यंत्र थंडीत शिट्ट्या मारतं म्हणून खिशात.
लाकडी मुठीचा मोठा पेचकस मागितला,
टोक पंपावर टेकवलं, मूठ दातांत धरली,
डोळे मिटले.
मी थोडी रेस दिली.
हाडांतून ऐकत होता म्हातारा.
पंप. मान हलली, नाही.
व्हॉल्व्ह. नाही.
टाकीकडून पंपाकडे येणारा जाड होज,
त्याच्या तोंडाशी थांबला, भुवया वर,
मूठ न काढताच काहीतरी बोलला.
"काय?"
मूठ काढली. बाहीनं लाळ पुसली.
"हवा ओढतोय."

इंजिन बंद करून जोडावर ग्रीसचा लपका मारला,
पुन्हा सुरू केलं. रडणं अर्ध्यावर.

होज थंडीनं दगड झालेला, क्लॅम्प सैल.
नवा होज बावीस डॉलर, क्लॅम्प दीड.
तेल काढलंच होतं तर फिल्टरही बदलला.
जुन्याचं पोट कापून पाहिलं,
घड्यांमध्ये पितळेची किंचित चमक.
मी त्याच्या नाकासमोर धरली.
"थोडी असते," तो म्हणाला. "माझ्यातही निघेल."

आता पंप गप्प आहे, बकेट एका दमात वर जाते.
हात मात्र अजून खाली उतरतात,
इंजिन बंद असताना, तासाला चार बोटं.
सिलिंडरचं सील असेल, नाहीतर व्हॉल्व्हची झीज.
बर्फ वितळल्यावर बघू.
तोवर बकेट जमिनीला टेकवायची
आणि मगच चावी काढायची.
रात्रभर कुणाच्या जिवावर वजन तोलून ठेवायचं नाही.

जेवणं झाली. भांडी घासून वळले
तर ओस्ताप रेडिओजवळ खुर्ची ओढून,
पेचकसचं टोक रेडिओच्या लाकडी पेटीवर,
मूठ दातांत, डोळे मिटलेले.
हॉकी.
कोण जिंकतंय, मी विचारलं.
त्याचं तोंड रिकामं नव्हतं.