रेजिनाच्या मिशा

नार्व्याच्या धक्क्यावर फेरीबोटीचा फाळका पडला
आणि स्कूटरांच्या गर्दीतून
दिवाडीच्या बेर्नादची घोडी उतरली,
ओल्या लोखंडावर एकेक खूर जपून टेकत.

माझ्या खुर्चीत गिऱ्हाईक होतं, अर्ध्या दाढीचं.
बेर्नाद दारातूनच म्हणाला, "उगो, हिचीही करून दे.
संध्याकाळी म्हापशात वरात.
फोटोवाला म्हणतो, तोंडावरचे केस वाईट दिसतात."
गिऱ्हाईक फेसातून हसलं,
मला वस्तरा उचलून धरावा लागला.

तीस वर्षं तोंडं भादरतोय मी.
मास्तरांचं, तांडेलाचं, देवळातल्या पुजाऱ्याचं.
बाप गेला की माणूस मिशी उतरवायला येतो,
त्या वरच्या ओठाची फिकट, न पाहिलेली कातडी
मी बघतो सगळ्यांच्या आधी,
त्याच्या बायकोच्याही.
पण घोडीचं तोंड कधी हातात आलं नव्हतं.

जवळ गेलो तर ती दाढी नव्हतीच.
सुटे सुटे उभे केस, काथ्यासारखे राठ,
एकेकाच्या मुळाशी मोहरीएवढा उंचवटा;
हनुवटीला, नाकपुड्यांच्या कडेला,
डोळ्यांखाली मोजून पाच.
आणि वर पापण्या, दाट, खाली झुकलेल्या,
उजवीकडे काळ्या, डावीकडे
कपाळावरच्या पट्ट्यातून ओघळल्यासारख्या पांढऱ्या.
एका केसाला नखाने शिवलो नुसता,
तर तिथली सगळी कातडी लहरली
आणि डोळा मिटला.

तरी मी कात्री घेतली. लपवत नाही.
शंभराची नोट आरशाच्या चौकटीत खोचलेली होती.
रेजिना उभी राहिली, लग्नघरच्या पोरीसारखी शहाणी.
केस पडले ते इतके थोडे
की झाडूही घ्यावा लागला नाही.
"पापण्या राहू देत," मी म्हटलं.
"त्या राहू देत," बेर्नाद म्हणाला,
"त्यांना फोटोवाला काजळ लावणार आहे."

मग त्याने बादली पुढे केली.
तिने तोंड खाली नेलं आणि बादलीच्या काठावर आपटलं.
मान झटकली. पुन्हा नेलं, पुन्हा आपटलं.
काळोखात जिना संपला असं वाटून
पाऊल टाकावं, आणि अजून एक पायरी असावी,
तसा तिचा चेहरा.
"नाकाखालचं दिसत नाही त्यांना," बेर्नाद म्हणाला,
"पाय सांगायचा माझा."
"मग मघाशी का नाही बोललास?"
तो बादली वर उचलून धरत राहिला,
तिच्या ओठांना पाणी लागेपर्यंत.

शिगम्यात घोडेमोडणीच्या लाकडी घोड्यांना
मीच पापण्या काढून देतो दरवर्षी,
काळ्या रंगाने, बारीक कुंचल्याने, वर वळलेल्या.
मिशा कधी काढल्या नाहीत, कुणी मागितल्याही नाहीत.
ते गावभर नाचतात,
पण त्यांना बादली शोधायची नसते.

त्यानंतरचे रविवार मी फेरीत बसलो.
पलीकडे जायला पैसे पडत नाहीत,
म्हणून बायकोला कारणही सांगावं लागलं नाही.
पहिल्या रविवारी तिची हनुवटी गुळगुळीत,
तळहातावरचा गूळ तिने माझ्या मनगटात शोधला.
दुसऱ्या रविवारी पाऊस, बेर्नाद घरी नाही.
तिसऱ्या रविवारी खुंट:
दोन दिवसांच्या दाढीचा तो खरखरीत स्पर्श
जो मी झोपेतही ओळखीन.
चौथ्याला ती आधी माझ्या अंगठ्यावरून फिरली,
मग बोटांच्या फटींवरून, सावकाश,
मग गुळावर आली.
एक खडाही खाली पडला नाही.

शंभराची ती नोट मी खर्च केली,
वस्तऱ्याच्या पात्यांचं पाकीट आणि थोडे बांगडे.

हल्ली खुर्चीत कुणी बसून डोळे मिटले
की मी फेस लावण्याआधी विचारतो,
"सगळीच काढू?"
परवा तांडेल एक डोळा उघडून म्हणाला,
"मग काय, अर्धी ठेवणार?"