चौथी

डिसेंबरात बोल्गातांगात वारा वाळवंट घेऊन येतो.
दातांत कचकच, पापण्यांवर पिवळं पीठ,
आणि अविनपोकाच्या शेडमध्ये
उबवणी यंत्राच्या काचेवर धुळीचा पडदा.
आत एकशे नव्वद अंडी, गिनी कोंबड्यांची.
चोविसावा दिवस.

"मास्टर," ती म्हणाली,
"लाइट असतो तोवर हा हिरवा डोळा उघडून बसतो.
लाइट गेला की तीन मिनिटं ओरडतो आणि मरतो.
खातो, पण अंगी लागत नाही त्याच्या."

खातो पण अंगी लागत नाही.
चौदा वर्षं यूपीएस दुरुस्त करतोय,
इतकं नेमकं निदान कुणी करून दिलं नव्हतं.

पिशवी उघडली.
आधी पंखा. जाळीतून गोधडीएवढा थर निघाला,
फुंकर मारली, खोकलो, पुन्हा मारली.
मग फ्यूज. उजेडाकडे धरला, तार शाबूत.
मग भिंतीतला पुरवठा: दोनशे एकतीस.
आमच्याकडे एवढे आले तर सणच.

मग सगळं बंद करून
बॅटऱ्यांची वायर सोडवली
आणि नुसता चार्जर चालू करून
त्याच्या तोंडाशी मीटर लावला.
चोपन्न पॉइंट सहा.
म्हणजे देणारा देत होता.
घेणाऱ्यांत खोट होती.

खरं सांगायचं तर हे मला
फाटकातून आत येतानाच माहीत होतं.
पंखा, फ्यूज, भिंत,
ही सगळी माझी लांबची वाट होती.

पहिली: बारा पॉइंट चार.
दुसरी: बारा पॉइंट दोन.
तिसरी: बारा पॉइंट तीन.
चौथीकडे जाण्याआधी मी पाणी मागितलं.
ती आणायला गेली.
सात पॉइंट नऊ.

चौघांनी उचललेली पेटी असते तसं हे.
एकाने गुडघे टेकले
की बाकी तिघांचा जोर वाया.
चार्जर बेरीज बघतो,
बेरीज जुळेना की हात आखडता घेतो.
त्याचं चुकत नाही.

चौथी उलटी केली.
मागे स्टिकर, त्यावर माझं अक्षर:
नवी. दोन वर्षं.
स्टिकरखाली खिळ्याने खरवडलेली जागा,
टेलिफोन टॉवरवरून निवृत्त झालेल्या मालाचा नंबर होता तिथे.
त्या महिन्यात माझं काय अडलं होतं
ते इथे लिहीत नाही.
अडलेलं सगळ्यांचंच असतं.

पाण्याचा पेला घेऊन ती दारात उभी
आणि लाइट गेला.
दुमसोर म्हणतात त्याला इथे,
दक्षिणेकडचा शब्द, पण देशभर चालतो:
विझव, पेटव.
आम्हाला पहिला अर्धा जास्त पाठ.

ती काही बोलली नाही.
यंत्रावर दोन घोंगड्या टाकल्या,
तिसरीसाठी अंगावरचं कापड सोडलं,
आणि काचेला कान लावून बसली.
आतले अजून बोलत नसतात चोविसाव्या दिवशी.
तरी बसली.

मी स्कूटरवर दुकानात गेलो. दोन खेपा.
चार बॅटऱ्या, खऱ्या, एकाच खोक्यातल्या.
जुन्या तिघींत नवी एक घालायची नसते,
ती चूक एकदाच करायची असते.
जोडल्या. नट आवळले. हिरवा डोळा उघडला,
आणि लाइट नसताना उघडाच राहिला.

"किती झाले?"
"वॉरंटीत आहे," मी म्हणालो.
हेही खोटंच,
पण घशात वेगळ्या जागी अडकलं.

जुन्या तीन मी नेल्या.
चौथी तिने ठेवून घेतली.
वाऱ्याने दार आपटतं, म्हणाली, टेकू होईल.
बाजाराला जाताना त्या शेडवरूनच जातो मी.
दार उघडं असतं, टेकू नीट बसलेला,
स्टिकरची बाजू रस्त्याकडे.