फरक पाच डॉलरचा

ओहायो नदीचा काठ, १८५४

कायद्यात लिहिलेलंच होतं, लपवलेलं काही नव्हतं:
माणूस धन्याला परत दिला, तर आयुक्ताला दहा डॉलर;
सोडून दिला, तर पाच.
कारण विचारलं तर म्हणे,
परत पाठवायला कागद जास्त लागतात.

ईनसला तोंड उघडायची मुभा नव्हती.
आरोपी असता तर काहीतरी बोलला असता.
तो वस्तू होता,
आणि वस्तूची साक्ष कोण घेतं?
केंटकीहून आलेल्या माणसाने त्याच्या कानामागचा व्रण दाखवला.
नऊ वर्षं आमच्या गावात पिंपं बांधली त्याने,
एकातूनही कधी थेंब गळला नाही,
हे कुणी विचारलंच नाही.
सकाळी पीठ मळून निघाले होते.
निवाडा ऐकून परत आले
तर ते अजून फुगलंही नव्हतं.

जोथम पर्डी उठता उठता म्हणाला, या निवाड्यावर अपील नाही.

रविवारी तो नेहमीच्या जागी, तिसऱ्या बाकावर.
पाळक संयमावर बोलले.
प्रभुभोजनाची भाकर माझीच होती,
वीस वर्षांची सवय, हात आपोआप चालतात.
द्राक्षारस ईनसच्या पिंपातला,
तळाशी त्याची खूण, एक आडवी रेघ,
अक्षरं यायच्या आधीची.

दानाची ताटली फिरली.
आमच्याकडे तांबं वाजतं.
पर्डीपाशी सोनं वाजलं.
पाच डॉलर.
मी मोजत बसले:
दहातून पाच देवाला,
मग उरलेले पाच
ईनसच्या कुठल्या हाताचे?

आमच्या मंडळीत बायका बोलत नाहीत.
मीही बोलले नाही.
ताटलीतून नाणं उचललं, अजून त्याच्या हाताची ऊब होती त्याला,
भाकर फडक्यात गुंडाळली
आणि दाराबाहेर पडले.
मागून सहाजण आले.
खोटं कशाला सांगू, त्यातला एक माझा दीर,
तो मला अडवायलाच आला होता.

नाणं कोर्टाच्या पायरीवर ठेवलं.
तीन दिवस तिथेच होतं. मग बर्फ पडलं.
मार्चमध्ये पाहिलं तर नव्हतं.
कुणी नेलं, मी विचारलं नाही.

आता आम्ही ईनसच्या दुकानात जमतो, पालथ्या पिंपांवर बसतो.
दीरही येतो. दाराशी उभा राहतो, टोपी न काढता.
एक पिंप अर्धवट आहे, वरचा पट्टा चढलेला नाही,
फळ्या उमललेल्या.
ते पुरं करायला कुणी हात लावत नाही.

अपील नाही म्हणाला पर्डी.
आहे, जोथम.
तिथे फी नाही, कारकून नाही,
आणि आधी साक्ष होते ती
जिला तुम्ही वस्तू म्हणालात तिचीच.

तोवर मी भाकर मोडते,
एक तुकडा त्या पिंपाच्या कडेवर ठेवते.
पुढच्या रविवारपर्यंत तो वाळून खडखडतो.
चिमण्यांना टाकते.
नवा ठेवते.